एमआरआय झाल्याशिवाय तारीख घेऊ नकोस

अगं, सगळ्यात आधी हे सांग, ओटीपोटाचा एमआरआय झाला का? झाला नसेल तर पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख पुढे ढकल. सासरचे म्हणतील, गाठ आहे ना, मग काढून मोकळं व्हावं. तुलाही वाटत असेल की हे अंगातलं एकदाचं जाऊ दे. मला कळतं ते. पण नोकरीची सगळी वर्षं मी सर्जरीच्या वॉर्डात काढली, आणि त्यातून शिकलेली एक गोष्ट तुझ्या मनात पक्की बसवायची आहे. गुदाशयाच्या कर्करोगात पहिली शस्त्रक्रिया हीच सगळ्यात मोठी संधी असते. ती नीट झाली तर पुढचं पुष्कळ सोपं जातं. ती अर्धवट माहितीवर, घाईत झाली, तर नंतर कितीही मोठ्या सर्जनकडे गेलीस तरी त्याला आधीचंच निस्तरत बसावं लागतं.

तपासण्या पुऱ्या व्हायला दोन-तीन आठवडे लागले तर लागू देत. लहानशा पॉलिपपासून अशी गाठ व्हायला बहुतेकदा काही वर्षं गेलेली असतात, पंधरवड्यात चित्र पालटत नाही. अपवाद एकच. पोट फुगलं, गॅससुद्धा सरेना, उलट्या सुरू झाल्या, तर कशाचीही वाट न पाहता हॉस्पिटल गाठ. आतडं पूर्ण अडलं असेल तर आधी पोटावर तात्पुरती वाट करून देतात आणि मूळ गाठीचा विचार मागाहून निवांत करतात.

आणि ते मूळव्याधीचं मनाला लावून घेऊ नकोस. बाळंतपणानंतर रक्त पडायचं, म्हणून याही वेळी तेच असेल असं तुला वाटलं. तुझ्या जागी कुणालाही वाटलं असतं. दोष असलाच तर ज्यांनी न तपासता मलम आणि चूर्ण दिलं त्यांचा आहे. शौचातून रक्त जातंय म्हणून आलेल्या बाईची बोट घालून तपासणी करायला दोन मिनिटं लागतात, आणि गुदाशयाच्या खालच्या गाठी त्या बोटाला लागतात. हिमोग्लोबिन आठवर आलं तेव्हा लोहाच्या गोळ्या दिल्या, पण रक्त जातंय कुठे हे कुणी विचारलं नाही. याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. तू मात्र स्वतःला त्यात गुंतवू नकोस, पुढे बरंच काम आहे.

आता जागा समजून घे. मोठ्या आतड्याचा वरचा लांब भाग, म्हणजे कोलन, पोटात तसा मोकळा असतो. तिथे गाठ असली तर बहुतेक वेळा आधी शस्त्रक्रिया आणि मग गरजेप्रमाणे केमो, असा सरळ क्रम असतो. तुझी गाठ गुदाशयात आहे, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या बारा-पंधरा सेंटिमीटरमध्ये. हा भाग कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत बसलेला असतो. पुढे योनी, गर्भाशय आणि मूत्राशय, मागे मणक्याचं खालचं टोक, दोन्ही बाजूंना लघवीचं आणि लैंगिक सुखाचं काम पाहणाऱ्या बारीक नसा. सर्जनला हात फिरवायला तिथे जागा नसते, आणि दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी निकाल बदलतो. ते मिलिमीटर आधी दिसतात ते एमआरआयवरच. सोनोग्राफीत ते कळत नाहीत, आणि एकट्या सीटी स्कॅनवर भागत नाही.

रिपोर्ट हातात आला की तो वाच. इंग्रजीला घाबरू नकोस, शोधायच्या गोष्टी मोजक्या आहेत. गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे. शौच आवरून धरणाऱ्या स्नायूपर्यंत ती पोचली आहे का. आणि गुदाशयाभोवती चरबीचं जे आवरण असतं त्याच्या पडद्यापासून ती किती लांब आहे. रिपोर्टात याला ‘मेसोरेक्टल फॅशिया’ किंवा ‘सीआरएम’ म्हटलेलं असेल. गाठ त्या पडद्याला चिकटली असेल तर थेट सुरी लावणं धोक्याचं. छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन तुझा झाला आहेच, त्याबरोबर रक्तातली सीईए ही तपासणी हवीच. कोलोनोस्कोपी करणारे गाठीपाशीच थांबून परत आले का, तेही विचार. तसं असेल तर वरचं आतडं पाहायचं राहिलंय, आणि काही जणांत तिथे दुसरी गाठ किंवा पॉलिप असतात. बायोप्सीच्या तुकड्यावर ‘एमएमआर’ नावाची तपासणी करायला सांग. ती कशाला, ते पुढे येईलच.

हे सगळे कागद सर्जन, केमो देणारे डॉक्टर, रेडिएशन देणारे डॉक्टर आणि एमआरआय वाचणारे डॉक्टर, या सगळ्यांनी एकत्र बसून पाहायला हवेत. त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘माझी केस बोर्डापुढे ठेवली का?’ असं सरळ विचार. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलात हे होतं, आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडलेल्या इतर हॉस्पिटलांतही होतं. तुला बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जवळ आहे. सल्ला मुंबईचा आणि रेडिएशन घराजवळ, असं जमतं का तेही विचारून बघ. रोज उठून केलेल्या प्रवासाने माणूस आजारापेक्षा जास्त दमतो.

तुझी गाठ खाली आहे आणि मोठी आहे, म्हणजे बहुधा तुला आधी रेडिएशन आणि केमो सांगतील आणि शस्त्रक्रिया मागाहून. ऐकून धक्का बसेल. घरातले म्हणतील, ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नसेल म्हणून शेक देतायत. तसं मुळीच नाही. जर्मनीत या प्रश्नावर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. रेडिएशन आणि केमो शस्त्रक्रियेच्या आधी दिलेल्यांत पाच वर्षांत ६ टक्के लोकांची गाठ त्याच जागी परत आली, नंतर दिलेल्यांत १३ टक्क्यांची. शिवाय आधी घेणाऱ्यांना त्रासही कमी झाला. तेव्हापासून हा क्रम जगभर रूढ झाला. रेडिएशन कधी पाच दिवसांचं असतं, कधी पाच-साडेपाच आठवड्यांचं, त्याबरोबर केमोच्या गोळ्या. संपल्यावर लगेच ऑपरेशन नसतं, मधे काही आठवडे जाऊ देतात, कारण रेडिएशनचा परिणाम बंद झाल्यावरही गाठ आक्रसतच राहते. हल्ली पुष्कळ ठिकाणी त्या मधल्या काळातच सगळी केमो देऊन टाकतात. या दिवसांत तू रिकामी बसली आहेस असं कुणी म्हणालं तर त्यांना सांग, इलाज चालू आहे.

काहींची गाठ या इलाजानेच पूर्ण विरघळते. ब्राझीलच्या साओ पावलो शहरातल्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा यांनी अशा रुग्णांचं ऑपरेशन न करता त्यांना बारकाईने नजरेखाली ठेवलं आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. आज तो मार्ग मान्य झालाय. पण त्याची अट कडक आहे. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय. साधारण चारातल्या एका रुग्णाची गाठ पुन्हा डोकं वर काढते, ती बहुतेक याच दोन वर्षांत, आणि वेळेवर सापडली तर तेव्हा ऑपरेशन करता येतं. ‘गाठ गेली’ म्हणून तपासण्या सोडून देणाऱ्यांसाठी हा मार्ग नाही. तू नियमाने जाशील याची मला खात्री आहे, तरी निर्णय तुझ्या एमआरआयवर ठरू दे, इच्छेवर नको.

ती एमएमआर तपासणी कशासाठी, ते आता सांगते. थोड्या रुग्णांच्या गाठीत पेशींच्या डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. अशा गाठींवर केमोपेक्षा इम्युनोथेरपी जास्त चालते. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग हॉस्पिटलने २०२२ मध्ये अशा बारा रुग्णांची माहिती छापली. डोस्टार्लिमॅब या एकाच औषधाने बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशन नाही, रेडिएशनही नाही. औषध महाग आहे, आणि तुझी गाठ त्या जातीची असण्याची शक्यता कमी आहे. पण साध्या तपासणीवाचून ही संधी हुकायला नको.

आता जे तुझ्याशी कुणी बोलणार नाही ते बोलते. दार लावून वाच.

ओटीपोटावर रेडिएशन घेतलं की अंडाशयांचं काम बहुधा थांबतं. छत्तिसाव्या वर्षी पाळी जाते, अंगाची लाही होते, झोप उडते. गर्भाशयालाही शेक लागतो, त्यामुळे नंतर मूल राहणं जवळजवळ अशक्य होतं. तुला दुसरं मूल हवं होतं हे मला माहीत आहे. म्हणून रेडिएशन सुरू होण्याच्या आधी, नंतर नव्हे, स्त्रीरोगतज्ज्ञांची गाठ घे. बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात, त्याला दोनेक आठवडे लागतात. दुर्बिणीतून अंडाशयं वर उचलून रेडिएशनच्या वाटेतून बाजूला ठेवण्याची लहान शस्त्रक्रियाही असते. त्याने पाळी टिकण्याची शक्यता वाढते. मूल नको असं ठरलं तरी हा प्रश्न विचार, कारण हाडं आणि हृदय यांच्यासाठीही अंडाशयांतून येणारं संप्रेरक लागतं. पाळी गेलीच तर गोळ्यांनी भरपाई करता येते, आणि या कर्करोगात ती बहुधा चालते.

दुसरं म्हणजे योनी. रेडिएशनने ती कोरडी पडते, आखडते. त्यासाठी डायलेटर मिळतात, लहान ते मोठे, ते वंगण लावून आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचे. नर्स शिकवते. लाज वाटेल, पण एकदा आखडल्यावर सैल करणं फार अवघड. नवऱ्याला आधीच सांगून ठेव की काही महिने जवळीक वेगळ्या तऱ्हेची असेल. लैंगिक संवेदनेच्या नसा ऑपरेशनमध्ये वाचवता येतात का, हे सर्जनला विचार. पुरुष रुग्णांना हा प्रश्न निदान कुणीतरी विचारतं. बायकांना मी वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं पाहिलं नाही.

शस्त्रक्रियेबद्दल तुला भीती आहे ती बरीचशी जुन्या गोष्टींची आहे. १९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने पोटातून आणि गुदद्वाराकडून असं दोन्ही बाजूंनी ऑपरेशन करून गुदाशय पूर्ण काढायची रीत घालून दिली. त्यात प्रत्येकालाच पोटावर शौचाची कायमची पिशवी. पुढे जोडकाम करता येऊ लागलं, तरी गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण मोठं होतं, अनेक ठिकाणी चार-पाचांतल्या एकाची यायची. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी त्याचं कारण १९८२ मध्ये मांडलं. गाठीचे बारीक ठिपके भोवतीच्या चरबीत विखुरलेले असतात, आणि सर्जन हाताने ओढून गुदाशय सोडवतात तेव्हा ती चरबी फाटून मागे राहते. त्यांनी सांगितलं, नजरेसमोर, सावकाश, त्या चरबीच्या बाहेरच्या पातळ पडद्यालगत कापत जा आणि सगळं एकसंध बाहेर काढा. संत्र्याची फोड पापुद्रा न फाटता सोलून काढतात ना, तसं. नसाही त्या पडद्याच्या बाहेरच असतात, म्हणून त्याही वाचतात. या एका बदलाने गाठ परत येण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं. या शस्त्रक्रियेला टीएमई म्हणतात. तुझ्या सर्जनला विचार, ‘टीएमई करणार ना? वर्षाला अशी किती करता?’

दुर्बिणीने करतात, रोबोटने करतात, पोट उघडूनही करतात. यंत्राच्या मागे लागू नकोस आणि त्यासाठी दागिने तर मोडूच नकोस. हे काम नेहमी करणारा सर्जन मिळाला की तो कशाने करतो हे दुय्यम आहे. माझं मत विचारशील तर मी रोबोटपेक्षा सर्जनचा हात पाहीन.

आता पिशवी. तुझं निम्मं रडणं त्यासाठी आहे हे मला फोनवरच कळलं.

दोन प्रकार असतात, ते वेगळे ठेव. आतडं खूप खाली जोडलं तर तो सांधा भरेपर्यंत वरून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर काढतात. ही तात्पुरती पिशवी. खालच्या सांध्यांत दहातल्या एकाच्या आसपास गळती होते, आणि पिशवी असली तर ती गळती जिवावर बेतत नाही. दोन-तीन महिन्यांनी, किंवा केमो उरली असेल तर ती संपल्यावर, लहान ऑपरेशनने ती बंद करतात. गाठ शौच आवरणाऱ्या स्नायूत घुसली असेल तर मात्र तो स्नायू काढावाच लागतो आणि पिशवी कायमची होते. स्नायू वाचवण्याच्या हट्टापायी गाठ मागे ठेवणारा सर्जन तुझं भलं करत नाही. आणि पिशवी नको म्हणून ऑपरेशनच टाळणारे रुग्णही मी पाहिलेत. बऱ्या होऊ शकणाऱ्या बाया. त्यातल्या एकीलाही मी विसरलेले नाही.

पिशवीची जागा ऑपरेशनच्या आधी ठरवून घे. टेबलावर झोपलेल्या पोटावर अंदाजाने केलेलं तोंड पुढे त्रास देतं. पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात; स्टोमा नर्स आदल्या दिवशी मार्करने खूण करते. तू साडी नेसतेस, म्हणून साडी नेसूनच जा. परकराची नाडी जिथे बांधतेस तिथे बोट ठेवून दाखव, निऱ्या कुठे खोचतेस ते दाखव. मग झोपून, बसून, उभी राहून, वाकून, पोटाला वळी कुठे पडते ते तिला पाहू दे. खूण वळीत नको, नाडीवर नको, आणि तुला स्वतःला खाली पाहून दिसेल अशी हवी. परकर थोडा वर किंवा खाली बांधायची सवय नंतरही लावता येते, पण तोंड चुकीच्या जागी असलं तर रोज गळतं आणि कातडी सोलवटते.

पहिल्यांदा पाहशील तेव्हा ते तोंड लाल, ओलसर दिसेल. तसंच असायला हवं. त्याला हात लावला तर दुखत नाही, तिथे वेदनेच्या नसा नाहीत. काळपट-जांभळं पडलं तर लगेच कळव. लहान आतड्याच्या पिशवीत पातळ येतं, म्हणून एक तृतीयांश भरली की रिकामी कर, कातडीला चिकटणारी चकती तीन-चार दिवसांनी बदल. बदलायला सकाळी काही खाण्याआधीची वेळ चांगली, तेव्हा आतडं शांत असतं. कोमट पाण्याने धुवायचं, साबण-डेटॉल नको, टिपून पूर्ण कोरडं करायचं. मग मापाच्या कागदाने तोंड मोजून चकतीला दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक पाडायचं. सुरुवातीचे आठवडे तोंडाची सूज उतरत असते, म्हणून दर वेळी नव्याने माप घ्यायचं. चकती तळहाताने दोन मिनिटं दाबून धरली की ऊब लागून छान चिकटते. मक्याचे दाणे, ओलं खोबरं, शेंगदाणे पहिले काही आठवडे टाळ, नंतर चावून चावून खा. केळं आणि भात यांनी घट्टपणा येतो. पाणी फार जातं, म्हणून मीठ घातलेलं ताक आणि ओआरएस चालू ठेव. लघवी कमी झाली, चक्कर आली तर सलाईन लागेल हे समज. पिशवी बांधून स्वयंपाक होतो, नोकरी होते, देवळात जाता येतं, एसटीने प्रवास होतो. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिथे स्वतः पिशवी लावणारी माणसं नव्यांना धीर देतात. त्यांच्यातल्या एखाद्या बाईशी एकदा बोल, माझ्या दहा फोनपेक्षा ते जास्त कामाला येईल.

पिशवी बंद झाली की सगळं पहिल्यासारखं होईल अशी समजूत करून घेऊ नकोस. साठवण करणारा भागच काढलेला असतो. सुरुवातीला दिवसात आठ-दहा वेळा जावं लागेल, कधी एका तासात चार वेळा, कधी गॅस आहे की शौच हे कळणार नाही. बहुतेकींचं वर्ष-दीड वर्षात पुष्कळ सुधारतं. इसबगोल, डॉक्टरांनी ठरवलेल्या लोपरामाइडच्या गोळ्या, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम यांचा उपयोग होतो. पर्समध्ये एक पॅड आणि जादा कपडे ठेवत जा, आणि फिजिओथेरपिस्टकडे पिशवी बंद होण्याआधीच जायला लाग.

ऑपरेशननंतर दहाएक दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईल. सगळे जण ‘स्टेज किती’ एवढंच विचारतात. तू कडेबद्दल विचार. लीड्सच्या फिलिप क्वर्क यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की काढलेल्या भागाच्या बाहेरच्या कडेपासून गाठ एक मिलिमीटरच्या आत असेल तर ती परत येण्याचा धोका फार वाढतो. म्हणून ‘सीआरएम निगेटिव्ह’ हे शब्द त्या कागदावरचे सर्वांत मोलाचे शब्द. मग लसीकाग्रंथी किती तपासल्या ते बघ. किमान बारा तपासल्या जाव्यात असा दंडक आहे, पण आधी रेडिएशन घेतलं असेल तर कमी सापडतात, त्याने घाबरू नकोस.

किती जगेन, हे तू विचारलं नाहीस, पण मनात ते आहे. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग जागच्या जागी असताना सापडला तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के लोक हयात असतात. शेजारच्या ग्रंथींत पोचलेला असेल तर सुमारे ७० ते ७५ टक्के. लांबच्या अवयवांत पसरला असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे आकडे यापेक्षा कमी आहेत, मुख्यतः लोक उशिरा येतात आणि इलाज अर्धवट सोडतात म्हणून. तुझ्या सीटीवर यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत, म्हणजे तू पहिल्या दोन गटांत आहेस. परत यायचा असेल तर तो बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत येतो, म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सीईए, पुढे सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. एक वर्षाने पुन्हा कोलोनोस्कोपी.

पसरला म्हणजे संपलं, हेही आता खरं राहिलेलं नाही. यकृतात मोजक्या गाठी असतील तर त्या काढता येतात, आणि निवडक रुग्णांत अशा ऑपरेशननंतर पाच वर्षांनी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक हयात असतात. गाठ ओटीपोटातच परत आली किंवा गर्भाशय-मूत्राशयात घुसली, तर ते सगळे अवयव एकत्र काढायची शस्त्रक्रिया आहे, पेल्व्हिक एक्झेंटरेशन. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी १९४८ मध्ये पहिल्या बावीस रुग्णांची माहिती छापली तेव्हा त्यातले पाच जण ऑपरेशनमध्येच दगावले होते. आज अनुभवी केंद्रांत ते प्रमाण फार कमी झालंय. तरी ऑपरेशन आठ-दहा तासांचं, कधी दोन पिशव्या, एक शौचाची आणि एक लघवीची, आणि सावरायला कित्येक महिने. कडा पूर्ण स्वच्छ मिळाल्या तर निम्म्याच्या आसपास लोक तीन वर्षांनी हयात असतात, गाठ मागे राहिली तर अगदी थोडे. म्हणून ते कुणावरही करत नाहीत. कुणी तुला आत्ताच ते सुचवलं तर आधी दुसरं मत घे. बायकांत गर्भाशय मधे असल्याने मूत्राशय पुष्कळदा वाचतं, एवढं ध्यानात ठेव. हे सगळं तुला लागेल म्हणून सांगत नाही, ऐकीव गोष्टींनी झोप उडू नये म्हणून सांगते.

पैशांचं आजच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेटा, भरती झाल्यावर नको. मुंबईला राहायची पाळी आली तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाचे रुग्ण आणि नातेवाईक तिथे उतरतात. जागा मिळेल का ते आधी फोन करून विचारा.

शेवटचं आपल्या घरासाठी. एका भावंडाला हा आजार झाला की बाकीच्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा आजारी माणसाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. तुझं वय छत्तीस, म्हणजे आमची वेळ कधीच येऊन गेली. मी माझी तारीख घेतली आहे, तपासणीआधी पोट साफ करायला प्यायचं ते दोन लिटर खारट पाणी मीही पिईन. दादा टाळाटाळ करतोय, तू त्याला फोन कर, तुझं तो ऐकेल. तुझ्या लेकाला सव्विसाव्या वर्षी ही तपासणी लागेल, आणि एमएमआरचा रिपोर्ट तसा आला तर त्याच्याही आधी. त्याच्या कागदांच्या फाइलीत तुझ्या बायोप्सीची प्रत लावून ठेव. आणि सोमवारी हॉस्पिटलात गेलीस की पहिलं वाक्य हेच बोल: आधी एमआरआय करू या, मग तारीख ठरवू.